माहितीची वाट चुकू नये म्हणून: लिनक्सच्या गाभ्यातील एक दोष आणि त्याची दुरुस्ती

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारू येथे ऑक्टोबर २००४ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने ग्राम संसाधन केंद्र सुरू करण्यात आले. शेती, आरोग्य व शिक्षणविषयक माहिती उपग्रहाद्वारे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांपर्यंत पोहोचविणे, हा त्यामागील उद्देश होता. आज अशी बरीचशी माहिती मोबाइल फोनवर मिळते. शेतकरी बँकेचा व्यवहार करतो किंवा हवामानाचा अंदाज पाहतो, तेव्हा पाठविलेली माहिती कोणत्या वाटेने बाहेर पडावी, हे उपकरणातील कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, ठरवितो. अँड्रॉइड फोन आणि सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली, या दोहोंत लिनक्स कर्नलच वापरला जातो.

इंटरनेटवरील संदेश लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. संगणक आपले पॅकेट प्रथम जवळच्या राउटरकडे सोपवितो. त्याच स्थानिक जाळ्यातील दुसऱ्या राउटरकडून जाणारा मार्ग अधिक सोयीचा असेल, तर पहिला राउटर ते पॅकेट पुढे पाठवितो आणि या ठिकाणासाठी यापुढे दुसऱ्या राउटरकडे जावे, असे संगणकाला कळवितो. या सूचनेला 'रिडायरेक्ट' असे नाव असून, सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ या दस्तऐवजात तिचे स्वरूप निश्चित करण्यात आले.

सूचना उपयुक्त असली, तरी ती कोण देत आहे, हे महत्त्वाचे ठरते. कल्लणै बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी वेगवेगळ्या प्रवाहांत आणि कालव्यात विभागले जाते. तेथील दरवाजे कोणाही वाटसरूच्या सांगण्यावरून फिरविले जाऊ लागले, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचणार नाही. संगणकाच्या बाबतीतही खोटी सूचना स्वीकारली गेली, तर पॅकेट भलत्याच यंत्राकडे वळतात. तेथे ती अडविली किंवा वाचली जाऊ शकतात.

हा धोका लक्षात घेऊन ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये दोन कसोट्या सांगण्यात आल्या. नवा राउटर त्याच स्थानिक जाळ्यावर असावा आणि सूचना देणारा राउटर त्या ठिकाणासाठी सध्या वापरात असलेलाच असावा. यांपैकी कोणतीही एक कसोटी पूर्ण न झाली, तरी सूचना निमूटपणे टाकून द्यावी, अशी शिफारस आहे.

लिनक्समध्ये २०११ च्या प्रारंभी रिडायरेक्टची माहिती साठविण्याची पद्धत बदलण्यात आली. या फेरबदलात आवश्यक तपासण्यांपैकी काही गळाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लाव्हियो लाइटनर यांनी त्या तपासण्या पुन्हा समाविष्ट केल्या. मात्र ही दुरुस्ती अपुरी ठरली. एकाच ठिकाणासाठी कर्नलजवळ अनेक मार्गनोंदी असू शकतात, आणि नव्या सूचनेनुसार त्यांतील एकच नोंद बदलत होती. एरिक ड्युमाझे यांनी त्यानंतर केलेल्या दुरुस्तीमुळे सेवाप्रकारानुसार वेगळ्या असलेल्या नोंदीही शोधून बदलल्या जाऊ लागल्या. पुढे २०१२ मध्ये, लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीत, मार्गांची जुनी तात्पुरती साठवण काढून टाकण्यात आली आणि ही माहिती ठेवण्याची व्यवस्थाही नव्याने रचण्यात आली.

एखादी तपासणी गळाली, तरी यंत्र बंद पडत नाही आणि नेहमीचे व्यवहार सुरळीत चालतात. उणीव उघड होते ती कोणी खोटी सूचना पाठविल्यावरच. म्हणूनच जुन्या संहितेची फेररचना करताना नवे काम नीट चालते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. जुनी संहिता कोणत्या सूचना नाकारत होती, हेही तपासावे लागते.

या तपासण्यांनाही मर्यादा आहेत. रिडायरेक्ट संदेशात पाठविणाऱ्याची ओळख सिद्ध करण्याची सोय नसल्याने राउटरचा पत्ता वापरून बनावट सूचना तयार करता येते. त्यामुळे अनेक ठिकाणी अशा सूचना स्वीकारणेच बंद ठेवले जाते. सांकेतिक रूपात पाठविलेला बँकेचा व्यवहार वाट वळविली गेली तरी सहजासहजी वाचता येत नाही, पण तो अडविला जाऊ शकतो.

कर्नलमधील दुरुस्ती गावातील फोनपर्यंत आपोआप पोहोचत नाही. फोन बनविणाऱ्या कंपनीने ती अद्ययावत आवृत्तीतून द्यावी लागते आणि वापरकर्त्याने ती घ्यावी लागते. ज्या जुन्या फोनला अशी आवृत्ती मिळणे थांबले आहे, त्यात नंतर सापडलेले दोष तसेच राहतात.