वडिलोपार्जित पियानोचे मोल

गोव्यातील जुन्या घरांत, मुंबईत वांद्र्यासारख्या भागांत किंवा कोलकात्यातील एखाद्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभा असलेला पियानो आजही आढळतो. आजीने तो वाजविलेला असतो, आई त्यावर शिकलेली असते. मुले परदेशी गेल्यावर मात्र त्यावर केवळ छायाचित्रांच्या चौकटी उरतात. पुढे घर विकण्याची वेळ येते आणि भावंडांच्या वाटणीत या पियानोची किंमत किती धरावी, हा नाजूक प्रश्न उभा राहतो.

बहुतेकांची गफलत येथेच होते. सोन्याचे मूल्य वजन आणि कस यांवर ठरते. ते आजीचे असले काय अन् कालचे असले काय, सारखेच. पियानो हे मात्र यंत्र आहे आणि यंत्र झिजते. त्यातील दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात असतो. तो पेलणारी बिडाची चौकट तडकली किंवा खुंट्या धरून ठेवणारी लाकडी फळी चिरली, की लावलेला सूर टिकत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेने तारा गंजतात, पट्ट्या फुगून अडकतात, नमद्याला कसर लागते. वाळवीचे तर विचारूच नये!

म्हणून झाकणावरील ‘स्टाइनवे’ वा ‘बेखस्टाइन’ या नावाने हुरळून जाऊ नये. आतील अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्ष बहुधा कळते. त्यानंतर सूर लावणाऱ्या जाणकाराकडून शुल्क देऊन तपासणी करवावी. हा जाणकार स्वतः खरेदीदार नसावा. येणाऱ्या किमतीतून दुरुस्तीचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करावा. उभा पियानोही दोनशे किलोंहून अधिक भरू शकतो, आणि जुन्या चाळीवजा इमारतीच्या लाकडी जिन्यावरून तो उतरविण्याची मजुरी थोडीथोडकी नसते. कधी कधी हाती शून्य उरते.

आणखी एक बाब. पांढऱ्या पट्टीवर दोन पातळ तुकड्यांच्या सांध्याची आडवी रेषा आणि लाकडासारखा बारीक पोत दिसल्यास तो हस्तिदंत असू शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी भारतीय व आयात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आहे. तेव्हा सौदा ठरविण्यापूर्वी वन विभागाकडे लेखी विचारणा करावी.

तपासणीचा लेखी अहवाल सर्व भावंडांना दाखवावा. पियानो ठेवून घेणाऱ्याच्या वाट्यातून अहवालातील रक्कमच वजा व्हावी. आईच्या आठवणींची रक्कम त्यात मिळवू नये.