काडतूस विकत घेण्याआधी तीन प्रश्न

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला काडतुसांचं काय सुचलं? कारणं दोन आहेत. पहिलं आनंदाचं आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या सोसायटीतल्या तीन मुलांनी नेमबाजीचा हट्ट धरला. त्यात आमची नातही आहे. दुसरं कारण आमच्या घरातल्या एका ट्रंकेचं आहे. ते पुढे सांगू.

नेमबाजी हा आपल्याकडे परका खेळ नाही. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांपैकी सुमाताईंचा क्लब तर आपल्या पनवेलचाच. तेव्हा नवी मुंबईतल्या पालकांसमोर आज ना उद्या हा प्रश्न येतोच, की मुलीला छर्रे हवेत, कुठले आणू?

आम्ही नातीसाठी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काका, हेड साइज किती?" आम्ही म्हटलं, "छर्रे द्या हो, छर्ऱ्यांचं डोकं कसलं मोजायचं?" त्याने डबा काही दिला नाही. "आधी कोचना विचारून या," म्हणाला. तेव्हा अपमान वाटला. आज वाटतं, त्या दिवसातला सगळ्यात शहाणा माणूस तो होता.

तर आपण आज तीन प्रश्न घेऊ. ही वस्तू कशात बसते? सुटल्यावर कुठे थांबते? आणि ती कुणाच्या ताब्यात आहे? या तिन्हींचं उत्तर देता येत नसेल, तर पैसे काढू नयेत.

आधी शब्द नीट करून घेऊ. बोलताना आपण गोळी, काडतूस, छर्रा सगळं एकच धरतो. काडतूस म्हणजे चार गोष्टींचा संच: धातूची किंवा प्लॅस्टिकची पुंगळी, ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि पुढे जाणारी गोळी. एअर रायफलच्या छर्ऱ्यात यातलं काहीच नाही, तो नुसता शिशाचा तुकडा. त्याला ढकलते ती हवा.

आता पहिला प्रश्न, कशात बसते? १० मीटरच्या खेळात छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.१७७ इंचाचा असतो. पुढून सपाट, कारण कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ हे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे. त्यामुळे डोकं ४.४९, ४.५० की ४.५१ मिलिमीटर, याने गटात फरक पडतो, आणि कुठलं चालेल हे प्रत्येक नळी स्वतः ठरवते. शेजाऱ्याच्या मुलाला जे लागू पडलं ते आपल्या मुलीला पडेलच असं नाही. म्हणून दोनतीन प्रकारचे छर्रे थोडे थोडे घ्यावेत, रायफल स्थिर ठेवून कोचसमोर मारून बघावेत आणि मग ज्या बॅचचा गट घट्ट येतो त्याच बॅचचे डबे घ्यावेत. बॅच क्रमांक डब्यावर असतो. अगदी नवशिक्याला मात्र याची घाई नाही. पहिल्या वर्षी चूक छर्ऱ्याची नसते, श्वासाची असते.

वजन बऱ्याचदा ग्रेनमध्ये लिहितात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्याकडे सोनार गुंज वापरत, तसंच हे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, साधारण अर्धी गुंज.

पुढे घोटाळा सुरू होतो तो '२२' या आकड्याने. पॉइंट २२चा एअरगनचा छर्रा वेगळा, आणि ५० मीटर रायफलचं पॉइंट २२ लाँग रायफल काडतूस वेगळं. पहिल्यात दारू नाही, दुसऱ्यात आहे. आकडा सारखा, म्हणून वस्तू सारखी असं समजायचं नाही. नळीवर कोरलेलं आणि डब्यावर छापलेलं, दोन्ही पूर्ण वाचायचं आणि ते अक्षरशः जुळलं पाहिजे. 'साधारण तेच आहे' हे वाक्य इथे चालत नाही.

बारा बोअरची गंमत तर अजून निराळी. तिथे आकडा वाढला की नळी लहान होते! एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, म्हणजे नळी अरुंद. आता धोका बघा. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकलं तर ते खाली पडत नाही, नळीत पुढे सरकून अडकतं. मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी दिसते. तो बारा बोअरचं दुसरं काडतूस घालून चाप ओढतो, आणि नळी हाताजवळच फुटते. म्हणून वीस बोअरची काडतुसं पिवळी करायचा जगभर प्रघात आहे. दोन्ही प्रकार एका खिशात कधी ठेवू नयेत.

तसंच लांबीचं. काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यावर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. पावणेतीन इंची काडतूस अडीच इंचांच्या घरात बसल्यासारखं वाटतं, कारण तोंड मिटलेलं असतं. उडताना ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांत अडीच इंची घरं असतात. आजोबांची बंदूक हातात आली असेल तर आधी जाणकार कारागिराकडून घर मोजून घ्या.

दुसरा प्रश्न, कुठे थांबते? थोडं गणित करू, भिऊ नका. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर. ऊर्जा होते साधारण ८ ज्यूल. पॉइंट २२ची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३३० मीटर. ऊर्जा १४० ज्यूल. सतरा पटींहून जास्त! म्हणूनच कायदा या दोघांमध्ये रेघ ओढतो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तेवढा द्यावा लागतो. त्यापुढे परवाना आलाच.

परवाना नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका. ८ ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. सिडकोच्या फ्लॅटमध्ये पॅसेजच्या टोकाला लक्ष्य लावून सराव करणारे आम्ही पाहिले आहेत. मागे छर्रे पकडणारी लोखंडी पेटी नसेल तर सपाट भिंतीवरून छर्रा परत येतो, आणि मध्ये स्वयंपाकघराचं दार असेल तर कुणीतरी बाहेर येतंच. पॉइंट २२च्या डब्यावर दीड मैलापर्यंत धोक्याची सूचना असते. दीड मैल म्हणजे लोकलचं एक स्टेशन ओलांडून पुढे! ते काडतूस अधिकृत रेंजशिवाय कुठेही उडवायचं नाही. आणि छर्रा कुठलाही असो, वन्य पक्ष्यावर तो मारणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. नेरूळच्या तळ्यावर फ्लेमिंगो बघायला जायचं ते दुर्बीण घेऊन.

याच प्रश्नात आणखी एक गोष्ट. चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवायची, निदान अर्धा मिनिट थांबायचं आणि रेंजवरच्या अधिकाऱ्याला बोलवायचं. कधी कधी दारू उशिरा पेटते. आणि बार नुसता फुस्स झाला तर दुसरी गोळी अजिबात झाडायची नाही. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. ओल लागलेली, हिरवी पडलेली, फुगलेली काडतुसं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत, ती याचसाठी.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे आमची ट्रंक येते.

आमच्या वडिलांकडे कोकणातल्या घरी बारा बोअरची बंदूक होती, डुकरं शेतात येत म्हणून. परवाना रीतसर होता. ते गेल्यावर आम्ही बंदूक पोलिस ठाण्यात जमा केली. परवानाधारक गेला की वारसांनी तसं करावं असं कायदाच सांगतो. पावती घेतली आणि विषय संपला असं समजलो. चार वर्षांनी गावचं घर आवरताना वडिलांची ट्रंक न उघडताच टेम्पोत घालून नेरूळला आणली. इथे उघडली. धोतरजोड्यांच्या खाली एका पुडक्यात सात काडतुसं. कागदी नळ्या फुगलेल्या, पितळ हिरवं पडलेलं.

घरात शांतता पसरली. सौ. म्हणाल्या, "अहो, रात्री खाडीत टाकून या, कशाला लचांड!" खोटं कशाला बोला, आम्हालाही क्षणभर तेच वाटलं. परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर, काडतुसं आमच्या बेडरूममध्ये. पोलिसांना काय सांगायचं?

पण पन्नास वर्षं ज्याचा व्यवसाय विचार करण्याचा आहे त्याला एक प्रश्न सुटेना. सकाळी ट्रंक बंद होती तेव्हा ही काडतुसं आमच्या ताब्यात होती का? आणि आता आहेत का? मध्ये बदललं काय? काडतुसं जागची हललेली नाहीत. बदललं एवढंच, की आम्हाला कळलं.

गंमत अशी की आपलं सर्वोच्च न्यायालय नेमकं हेच म्हणतं. १९७२च्या गुणवंतलाल खटल्यात न्यायालयाने सांगितलं की शस्त्र कायद्यातला ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे, त्यात जाणीव हवी. आणि उलटही सांगितलं, की वस्तू दुसऱ्याकडे ठेवली पण नियंत्रण तुमचं राहिलं, तर ताबा तुमचाच. मग माहीत नसणं हा बचाव झाला का? अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात अजाणतेपणी घडलेल्या कृत्याचं एक उदाहरण दिलं आहे: गोफणयंत्र कसं चालतं एवढं दाखवायला गेलेल्या माणसाकडून ते सुटतं. त्याला आपण खुनी म्हणत नाही. पण तोच अ‍ॅरिस्टॉटल पुढे म्हणतो की जे अज्ञान निष्काळजीपणातून आलं, त्याचा दोष माणसाकडेच जातो. आम्ही ट्रंक न उघडता आणली हा आमचा निष्काळजीपणा होता. उघडल्यावर लपवली असती तर तो निष्काळजीपणा राहिला नसता.

आम्ही पोलिस ठाण्यात फोन केला. "आहे तिथेच राहू द्या, हात लावू नका," असं सांगितलं. दोघे आले, वडिलांच्या परवान्याची झेरॉक्स आणि जुनी पावती पाहिली, पंचनामा केला, काडतुसं घेऊन गेले. चहा मात्र घेतला नाही. अर्ध्या तासाचं काम, आणि आम्ही त्यासाठी एक रात्र जागलो होतो.

यातून खरेदीचे नियम आपोआप निघतात. परवान्यावर लिहिलेलं असतं की कुठल्या हत्यारासाठी, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षात किती घेता येतील. ते वाचून दुकानात जा. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, नोंद आणि पावती करून घ्या. मित्राची 'उरलेली' घेऊ नका, आपली देऊ नका. नवी मुंबईत, पनवेलसह, परवान्याचं काम पोलिस आयुक्तालयात असतं. क्लबची काडतुसं क्लबच्या हिशेबातली असतात. मोजून घ्यायची, मोजून परत करायची, एकही खिशात राहता कामा नये. आता उलव्याला आपल्या दारातच विमानतळ झाला आहे. बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस तिथल्या यंत्रात दिसतं, आणि मग 'माहीत नव्हतं' हे सिद्ध करायला वर्षं जातात. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग वेगळी ठेवा.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "मुलगी छर्रे तोंडात धरून एकेक भरते, चालेल का?" ताई, अजिबात नाही. शिसं हे विष आहे, आणि मुलांच्या शरीराला ते जास्त बाधतं. सरावानंतर साबणाने हात धुवायचे, तोपर्यंत डबा उघडायचा नाही. छर्ऱ्यांचा नाही हो, जेवणाचा!

आमची नात आता स्वतः दुकानात जाते. परवा दुकानदाराने हेड साइज विचारला, तिने सांगितला, बॅचही सांगितली. त्याने लगेच डबा काढून दिला. आमच्याकडे बघून हसला, पण म्हणाला काही नाही.