वैमानिक व्हायचंय? आधी रांग समजून घ्या

एखाद्या विमान कंपनीने शेकडो विमानांची मागणी नोंदवल्याची बातमी पेपरात आली, की नात्यातले, ओळखीतले पालक मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो. ‘‘मुलाला बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे. पायलट व्हायचं म्हणतोय. घालू का?’’

मी स्वतः वैमानिक नव्हे. एका विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंग विभागात मी २६ वर्षे काम केले. कोणता वैमानिक कोणत्या दिवशी कोणते विमान घेऊन कुठे जाणार, याचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, आम्ही तयार करत असू. त्यामुळे या व्यवसायाची जी बाजू गणवेशाच्या रुबाबात दिसत नाही, ती मी रोज पाहिली. आज तीच सांगणार आहे.

आधी चांगली बाजू. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी जाहीर केली. एका विमानाला वैमानिक किती लागतात? बहुतेक जण म्हणतात, दोन. पण हिशेब करून बघा. देशांतर्गत मार्गावरचे विमान रोज साधारण १२ ते १३ तास हवेत असते. वर्षाचे झाले साडेचार हजार तास. एका वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही, असा नियम आहे. रजा, विश्रांती, आजारपण, सिम्युलेटरवरच्या परीक्षा वजा केल्या, की प्रत्यक्षात ७०० ते ८०० तासच हाती लागतात. म्हणजे एका विमानामागे सहा कमांडर आणि सहा सहवैमानिक झाले. लांब पल्ल्याच्या विमानाला तर याहून बरेच जास्त लागतात.

मग नोकऱ्या भरपूर, असे कोणालाही वाटेल. मेख इथेच आहे. ही विमाने एकदम येत नाहीत, वर्षानुवर्षे थोडी थोडी येतात. शिवाय टंचाई असते ती मुख्यतः कमांडरची. व्यावसायिक परवाना २०० तासांच्या उड्डाणावर मिळतो. कमांडर व्हायला वरचा परवाना लागतो आणि त्याला १,५०० तास हवेत. डाव्या खुर्चीत बसायला कमांडरच नसेल, तर उजव्या खुर्चीसाठी नवी मुले घेऊन कंपनी करणार काय? म्हणून एकीकडे ‘वैमानिक मिळत नाहीत’ अशी कंपन्यांची तक्रार आणि दुसरीकडे परवाना खिशात घेऊन घरी बसलेली मुले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

त्यातून एखादी कंपनी बुडाली, की रांग आणखी लांबते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. दोन्ही वेळा अनुभवी वैमानिक बाजारात आले. बाकीच्या कंपन्या साहजिकच आधी त्यांना घेणार. नवा मुलगा होता तिथून मागे ढकलला जातो. परवाना नुसता कपाटात ठेवूनही चालत नाही. त्यातले इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नव्याने करून घ्यावे लागते, त्याला वेगळे पैसे पडतात. आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

नोकरी लागली, की दुसरी रांग सुरू होते. तिचे नाव ज्येष्ठता यादी. कंपनीत तुमच्या आधी कोण आले, नंतर कोण आले, एवढेच या यादीला कळते. एकाच फ्लाइंग स्कूलमधले दोन मित्र, पण एक महिनाभर आधी रुजू झाला, तर तो निवृत्तीपर्यंत पुढेच राहू शकतो. आपल्याकडे कमांडर होण्याची पाळी आणि मोठ्या विमानावर जाण्याची संधी प्रामुख्याने या यादीवरून ठरते. अमेरिकेत तर कोणत्या शहरातून उडायचे, कोणती रजा मिळायची, नाताळला घरी राहायचे की नाही, सगळे त्या क्रमांकावर. कपात करायची झाली, तर यादीच्या तळापासून. तिथे २० वर्षे कॅप्टन असलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, तर पुन्हा तळाशीच उभा राहतो.

तळाच्या माणसाच्या वाट्याला अमेरिकेत हमखास येते ते म्हणजे राखीव वेळापत्रक, आपल्याकडच्या भाषेत स्टँडबाय. आपल्याकडे ते सगळ्यांनाच आळीपाळीने लागते. या दिवशी तुमचे ठरलेले उड्डाण नसते, पण फोन येईल म्हणून तयार राहायचे असते. कधी घरी, कधी विमानतळावर. कोणी आजारी पडला, दिल्लीत धुके पडून विमान रखडले आणि आधीच्या वैमानिकाचे ड्युटीचे तास संपले, की आम्ही स्टँडबायला फोन लावायचो. पहाटे तीनलासुद्धा. फोन आला नाही, तर दिवस वाट पाहण्यात गेला. बारशाला जाता येत नाही, गावी जाता येत नाही. पगाराचा काही भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, त्यामुळे तास कमी, तर पैसे कमी. एक सहवैमानिक मला दर महिन्याच्या २० तारखेला विचारायचा, ‘‘मॅडम, माझे तास भरतील ना? वडिलांनी घर तारण ठेवलंय.’’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नसे. ते पावसावर, धुक्यावर आणि दुसऱ्याच्या तापावर अवलंबून असे.

पण हे राखीव लोक नसले तर काय होते, तेही आपण पाहिले. वैमानिकांना पुरेशी झोप मिळावी म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबरमध्ये इंडिगोला वैमानिक कमी पडले आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. हिशेब फार ताणून बसवला, की पहिला फटका प्रवाशाला बसतो.

आता विलीनीकरणाची भीती. दोन कंपन्या एक झाल्या, की विमानांचे रंग काही महिन्यांत बदलतात. दोन ज्येष्ठता याद्या एक करणे मात्र फार अवघड. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. एकीकडे लांब पल्ल्याची मोठी विमाने, दुसरीकडे देशांतर्गत छोटी. दोन्हीकडचा पगार वेगळा, बढतीचा वेगही वेगळा. मग नव्या यादीत कोण कोणाच्या पुढे? २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी १० दिवस संप केला. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण त्यांनाही मिळणार म्हणून एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवले. विलीनीकरणाला पाच वर्षे झाली होती, तरी ही स्थिती!

अमेरिकेत २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. रुजू होण्याची तारीख धरायची, की विलीनीकरणाच्या दिवशी कोण कोणत्या खुर्चीत होता ते धरायचे, यावर लवादाने निकाल दिला. यूएस एअरवेजच्या वैमानिकांना तो इतका अन्यायकारक वाटला, की त्यांच्या पुढाकाराने जुनी संघटना जाऊन नवीच आली. दोन्ही गट पुढे कित्येक वर्षे वेगवेगळेच उडत राहिले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. आयुष्याची वर्षे दोघांनीही दिली होती.

अगदी अलीकडचे उदाहरण विस्ताराचे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी एप्रिलमध्येच वैमानिक कमी पडून तिची अनेक उड्डाणे रद्द झाली होती. नव्या करारात खात्रीच्या पगाराचे तास ७० वरून ४० वर आले, ही त्यामागची मोठी नाराजी होती.

मग मुलांना या वाटेला पाठवूच नये का? मी तसे म्हणत नाही. गोंदिया, बारामतीला आता प्रशिक्षण मिळते, मुली मोठ्या संख्येने येत आहेत, आणि कमांडर झालेल्याचे समाधान मी जवळून पाहिले आहे. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी करा. फी भरण्यापूर्वी ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणी करून घ्या. नंतर अडचण निघाली, तर पैसे परत मिळत नाहीत. परवान्यानंतर दोन वर्षे नोकरी मिळाली नाही, तरी हप्ते भरता येतील का, ते कागदावर मांडा. एका प्रकारच्या विमानाचे रेटिंग दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून ते घेण्याची घाई करू नका. करारात खात्रीचे तास किती, बाँड किती वर्षांचा, हे वाचून सही करा. आणि सोबत एखादी साधी पदवी असू द्या.

विमानांच्या ऑर्डरचा आकडा कंपनीचा असतो. रांगेतला आपला क्रमांक आणि कर्जाचा हप्ता हे दोन आकडे मात्र आपले असतात. निर्णय त्यांच्यावरून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)