प्रतिनायकाचा आरसा : कर्णापासून 'सामना'तील हिंदुरावापर्यंत

प्रस्तावना

लोकप्रिय कथेत खलनायक स्थूलमानाने दोन प्रकारचे आढळतात. पहिला नायकाच्या सर्वस्वी विरुद्ध असतो. त्याच्या अंताने वाचकाला सुटकेचे समाधान मिळते व कथा तेथेच मिटते. दुसरा नायकासारखाच असतो. बळ, बुद्धी, महत्त्वाकांक्षा, प्रसंगी कूळदेखील दोघांत समान असून अंतर पडते ते एखाद्या निर्णयामुळे. अशा खलनायकाच्या पराभवानंतर नायकही पूर्वीसारखा उरत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ च्या कथेत आणलेल्या प्राध्यापक मोरिआर्टीचा उल्लेख सामान्यतः केला जातो. मराठी वाचकाला मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. बारामतीस नाईक घराण्याच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९-१७९४) महाभारत आर्यावृत्तात आणले. त्या काळी पुराणश्रवण हेच लोकांचे कथावाचन होते. कर्ण आणि अर्जुन ही जोडी अशा श्रवणातूनच मराठी मनात रुजत आली आहे. प्रस्तुत लेखात या जोडीच्या आधारे मराठी लोकप्रिय कथेतील प्रतिनायकाचा विचार केला आहे.

मूळ नमुना

संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायकाची कल्पना जुनीच आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त तो लोभी, उद्धत, हटवादी, पापी व व्यसनी असा वर्णिला असून रामाला रावण आणि युधिष्ठिराला दुर्योधन ही उदाहरणे तेथे येतात. या व्याख्येत कर्ण बसत नाही. तो दानशूर आहे, दिलेल्या शब्दाला जागणारा आहे आणि लोभापायी तो कोठेही वळत नाही. व्याख्येपेक्षा काव्य अधिक शहाणे असते, याचा हा एक दाखला म्हणावा लागेल.

महाभारतकाराने ही दोन पात्रे जाणीवपूर्वक समोरासमोर ठेवलेली दिसतात. दोघेही कुंतीचे पुत्र. एक सूर्याचा, दुसरा इंद्राचा. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेत अर्जुनाने जे जे करून दाखविले ते ते कर्ण द्रोणांच्या अनुमतीने तसेच करून दाखवितो. पुढे अर्जुनाचा सारथी कृष्ण, म्हणून कर्ण त्याच्या तोडीचा सारथी शल्य मागून घेतो. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून ज्येष्ठ पांडवाचे सिंहासन देऊ करतो, तेव्हा आरशाच्या दोन बाजू क्षणभर एक होण्याची शक्यता निर्माण होते. कर्ण नकार देतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याला सोडायचे नाही, हे त्याचे कारण. हे कारण क्षुद्र नाही, आणि म्हणूनच त्याची शोकांतिका वाचकाला अस्वस्थ करते.

सर्वांत बोलका प्रसंग अखेरचा. रथाचे चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो, आणि कृष्ण त्याला द्यूतसभा व अभिमन्यूवध यांची. ज्याने सभेत द्रौपदीला अपशब्द वापरले तो आता धर्माच्या भाषेत बोलतो आणि धर्माच्या बाजूने लढणारा अर्जुन रथाखाली उतरलेल्या शत्रूवर बाण सोडतो. या क्षणी दोघांच्या भूमिका बदलल्या आहेत. नायकाला विजयासाठी प्रतिनायकाचे साधन उसने घ्यावे लागले, ही गोष्ट व्यासांनी लपविलेली नाही.

प्रतिनायकाचे नायकत्व

विसाव्या शतकात मराठी कादंबरीने हा आरसा उलटा धरला. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' (१९७३) या दोन्ही कादंबऱ्यांत कर्ण केंद्रस्थानी आला. त्यांची लोकप्रियता वादातीत आहे. पदवी वर्गातील अनेक विद्यार्थ्यांना कर्ण भेटतो तो याच वाटेने. उपेक्षिताला आवाज मिळाला, हे त्यांचे मोठेच श्रेय होय. तथापि या उलटापालटीची एक किंमतही आहे. कर्णावरील अन्याय जसजसा ठळक होतो तसतसा त्याने केलेला अन्याय फिका पडत जातो, आणि अखेर आरशात पाहण्याजोगे काही उरत नाही.

द्रौपदीस्वयंवराचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. सूतपुत्राला वरणार नाही, असे द्रौपदीने भर मंडपात म्हटले आणि त्या अपमानाचा सल कर्णाच्या मनात राहिला, ही समजूत सार्वत्रिक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हा नकार मूळ संहितेत स्वीकारलेला नाही. काही हस्तलिखितांतील पाठ म्हणून तो तळटीपेत गेला आहे. द्यूतसभेतील कर्णाचे बोलणे मात्र संहितेत कायम आहे. म्हणजे ज्या अपमानाने त्या बोलण्याचा खुलासा केला जातो तोच उत्तरकालीन ठरण्याची शक्यता आहे. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधील कर्ण अधिक कठोर वाटतो, पण तो आरसा म्हणून शाबूत आहे. 'युगान्त' आणि 'मृत्युंजय' एकाच वर्षी प्रसिद्ध झाली, हा योगायोग अभ्यासवर्गात अवश्य सांगावा असा आहे.

रहस्य व भयकथांत ही जोडी सोप्या रूपात येते. नारायण धारप यांच्या कथांतील समर्थ आणि त्यांचे विरोधक यांच्यापाशी शक्ती एकाच जातीची असते, हेतू तेवढे वेगळे.

साखर पट्ट्यातील आरसा

या परंपरेचे सर्वांत धारदार आधुनिक रूप कादंबरीत नव्हे, तर चित्रपटात आढळते. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' (१९७४) हा तो चित्रपट. त्यातील गाव काल्पनिक आहे, परंतु भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर ही नावे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत अशा बारामती-इंदापूरच्या प्रेक्षकाला त्या गावाची रचना कोणी समजावून सांगावी लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांच्या भोवती रस्ते, शाळा, महाविद्यालये व रुग्णालये उभी राहिली, हा इतिहास आहे. हिंदुराव धोंडे-पाटील (निळू फुले) याच इतिहासाच्या भाषेत बोलतो. त्याने गावासाठी काहीच केले नसते तर तो पहिल्या प्रकारचा खलनायक झाला असता आणि चित्रपट केव्हाच विस्मरणात गेला असता. त्याने पुष्कळ केले आहे, हीच अडचण आहे.

त्याच्या समोर उभा आहे तो दारूत बुडालेला एक मास्तर (श्रीराम लागू). नायकाला शोभेल असे त्याच्यापाशी काही नाही. तो हिंदुरावाच्याच आश्रयाला राहतो, त्याचेच अन्न खातो. आणि तरीही नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न तो सोडत नाही. कर्णापुढे जो पेच होता तोच येथे नायकापुढे ठेवला आहे : ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या अन्यायाविषयी काय करायचे? कर्णाने ऋण मोठे मानले. मास्तर प्रश्न मोठा मानतो. तो निष्कलंक नाही, हे हिंदुराव जाणतो आणि ते त्याला ऐकवितोही. दोघे एकमेकांचे चांगले ओळखीचे आहेत. त्यांच्या संवादातील ताण शत्रुत्वाचा कमी आणि या ओळखीचा अधिक आहे. सहकाराच्या छायेत वाढलेल्या संस्थांमधील अध्यापकाने हा चित्रपट पाहताना आपण नेमके कोणत्या खुर्चीत बसलो आहोत, हे ठरविणे त्याला सोपे जात नाही.