थंडीत घर दाखवताय?

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपतो, सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात, कापसाची वेचणी चालू असते आणि पाथरीसारख्या गावात घरांच्या चौकशा सुरू होतात. कुणाला मुलांच्या शाळेसाठी शेतातून गावात यायचं असतं, कुणाची बदली मध्येच झालेली असते. "वहिनी, मागच्या दोन खोल्या द्यायच्यात म्हणे?" असं विचारत कुणीतरी दारात उभं राहतं. किमतीचं बोलणं बैठकीत पुरुष मंडळी करतात, पण घर आवरायचं, दाखवायचं, चहा ठेवायचा हे सगळं आपल्याकडेच असतं. मग ते नीट का करू नये?

वेळ आपण ठरवायची

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडचा पारा पुष्कळदा एक आकडी होतो. सकाळी सातला फरशीवर पाय ठेववत नाही, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. अशा वेळी आलेल्या माणसाला चांगलं घरही उदास वाटतं. म्हणून "अकरा ते तीनमध्ये या," असं स्पष्ट सांगा. तासभर आधी खिडक्या उघडा. थंडीमुळे रात्रभर दारं बंद असतात, त्यामुळे फोडणीचा, धुराचा, गोधड्यांचा वास घरात कोंडून राहतो. पाहुणे यायच्या आधी उदबत्त्या लावण्यापेक्षा वारा खेळू दिलेला बरा.

दक्षिणेकडे दार असलेल्या घराला आपल्याकडे लोक नाक मुरडतात. पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे याच घरात ऊन थेट आत येतं. आजी जिथे बसून तूर निवडते ती उन्हाची जागा गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवा. वास्तूवर वाद घालण्यापेक्षा ते ऊन जास्त बोलतं.

जुन्या माळवदाच्या घराची गोष्ट वेगळी. त्याच्या जाड भिंती रात्री ऊब धरून ठेवतात. पत्र्याची खोली मात्र पहाटे गारठते आणि मे महिन्यात तापते. ते लपवू नका. भाडं ठरवतानाच तेवढं कमी धरा.

भिंत खोटं बोलत नाही

आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि पाऊस गेला की आकसते. त्यामुळे हिवाळ्यात पाया आणि भिंतींच्या भेगा जास्त दिसू लागतात. दिवाळीच्या रंगाखाली पुट्टी भरून त्या झाकायचा मोह होतो, पण येणारी बाईही याच मातीतली असते. ती कपाट सरकवून बघणारच! भेग जुनी आहे की यंदाची, पावसात ओल कुठे येते, स्लॅब कधी गळला होता, हे आपणच आधी सांगितलं तर पुढच्या बोलण्यावर विश्वास बसतो. सांगितलं नाही, तर जूनमध्ये त्याच गावात, त्याच बाजारात, त्याच हळदी-कुंकवाला तोंड द्यायचं आहे.

पाण्याचंही तसंच. डिसेंबरमध्ये बोअरला पाणी सगळ्यांकडेच असतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते पाहिलेली मराठवाड्यातली बाई "मे महिन्यात किती दिवसांनी नळ येतो?" असं विचारल्याशिवाय राहायची नाही. खरं उत्तर तयार ठेवा. हौद किती मोठा, टँकर घ्यावा लागतो का, हेही सांगा.

पौषात भाव पाडू नका

घर पसंत पडलं, माप घेतलं, चहा झाला आणि पुढे आठवडाभर फोनच नाही! अशा वेळी घाबरून किंमत उतरवू नका. पौषात इसार द्यायचा नाही, नव्या घरात पाऊल ठेवायचं नाही, असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. ती मंडळी माघ लागायची वाट बघत असतात. जाताना सरळ विचारावं, "पौषामुळे थांबताय का?" उत्तरावरून अंदाज येतो.

एकटीनं दाखवू नका

घरात एकटी असाल तर शेजारच्या मावशींना बोलावून घ्या. आधी नाव, गाव, कुणाच्या ओळखीनं आलात हे विचारा. दागिने, पासबुकं, औषधं कपाटात कुलूपबंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना तिजोरी किंवा मुलींचे फोटो त्यात येऊ देऊ नका. घराचे मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. खरेदीखत, घरपट्टीची पावती, लाइट बिल यांच्या झेरॉक्स दाखवणं पुरेसं आहे.

पैसा आणि कागद

घराच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. २०१५च्या जूनपासून तसा नियम आहे, आणि मोडला तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणून इसार चेकनं किंवा खात्यावर घ्या, आणि त्याची पावती करा. घर तुमच्या नावावर असेल तर पैसेही तुमच्याच खात्यावर यायला हवेत. सही करायच्या आधी कागद स्वतः वाचा. "तुला काय कळतंय त्यातलं" असं कुणी म्हटलं तरीही!

घेणाऱ्या बाईलाही एक गोष्ट सांगा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचतात, आणि घरही तिच्या नावावर होतं.

भाड्यानं देत असाल तर तोंडी बोलण्यावर थांबू नका. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

कुणाला द्यायचं?

आपल्याकडे खोली बघायला आलेल्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग जेवणात काय खाता हे विचारतात. दवाखान्यातली नर्स, बदलून आलेली शिक्षिका, शिकायला आलेली मुलगी एकटी असली की तर "फॅमिलीलाच देतो" म्हणून दार बंद होतं. ऐन थंडीत अशी एखादी मुलगी दहा घरं फिरून परत लॉजवर जाते. आपलीही लेक उद्या पुण्या-संभाजीनगरात अशीच दारं ठोठावणार आहे. तेव्हा नोकरीची, ओळखपत्राची, आधीच्या घरमालकाची चौकशी जरूर करा. वेळेवर भाडं देईल का आणि घर नीट ठेवेल का, एवढं कळलं की बाकीचे प्रश्न गिळून टाकायला हरकत नाही.