‘डेसिमेट’: दहातला एक की बहुतांश?

‘डेसिमेट’ या इंग्रजी क्रियापदाचा आज रूढ असलेला अर्थ म्हणजे मोठा भाग नष्ट करणे. साथीत गुरे दगावली, टोळधाडीने पीक खाल्ले, की इंग्रजी बातमीत हा शब्द हमखास येतो. मात्र ‘दहातला एक मारणे’ हाच त्याचा खरा अर्थ आणि इतर वापर अशुद्ध, असे काही काटेकोर मंडळी मानतात.

शब्दाचे मूळ दहाच्या आकड्यातच आहे, यात शंका नाही. लॅटिन ‘देकेम’ म्हणजे दहा. संस्कृत ‘दश’ त्याच कुळातला. ‘देकिमुस’ म्हणजे दहावा, त्यावरून ‘देकिमारे’ हे क्रियापद. रोमन सैन्यातली तुकडी भ्याडपणे पळाली, तर चिठ्ठ्या टाकून साधारण दहांमागे एक सैनिक निवडला जाई आणि त्याचेच सोबती त्याला सोट्यांनी ठेचून मारत. वाचलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळत आणि तळ छावणीबाहेर ठोकावा लागे. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांच्या बंडाच्या वेळी रोमन सेनापती क्रॅससने ही जुनी शिक्षा पुन्हा काढली. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कच्या वृत्तान्तानुसार पळालेल्या 500 जणांचे त्याने 50 गट पाडले आणि प्रत्येक गटातला एक मारवला. मरणारा सर्वांत दोषी असेलच असे नव्हते; या शिक्षेची खरी दहशत त्यातच होती.

पण लॅटिनमध्येही हा शब्द केवळ लष्करी नव्हता. दशांश वसूल करणे हाही त्याचा अर्थ होता. इंग्लंडमध्ये 1655 साली क्रॉमवेलच्या राजवटीने राजनिष्ठांवर बसवलेल्या दहा टक्के कराला ‘डेसिमेशन’ म्हणत. मोठ्या संहाराचा अर्थही त्याच सतराव्या शतकात रूढ होऊ लागला, तेव्हा त्याला आजकालची बिघडलेली भाषा म्हणता येत नाही. मराठीत ‘तेल’ तिळापासून आले, म्हणून ‘शेंगदाण्याचे तेल’ कोणी चुकीचे ठरवत नाही.

उलट बाजूचा गैरसमज अधिक घातक आहे: ‘डेसिमेट’ म्हणजे समूळ नाश. या शब्दात काहीतरी उरलेले असणे गृहीत आहे, म्हणून त्याला ‘पूर्णपणे’ हे क्रियाविशेषण जोडलेले चांगल्या इंग्रजीत खटकते. ‘40 टक्के डेसिमेट’ ही रचनाही अवघडच. मराठी अनुवादात म्हणूनच ‘नायनाट’ किंवा ‘निःपात’ बसत नाही. ‘मोठी प्राणहानी’, ‘बहुतांश नष्ट होणे’ हे रूढ अर्थाला धरून राहते.