घरी व्हीआर हेडसेट घेताना : तेराशेचा की तीस हजारांचा?

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेरगावी असतात आणि सुटीत घरी येताना एखादी नवी मागणी घेऊन येतात. सध्याची मागणी व्हीआर हेडसेटची आहे. डोळ्यांवर पेटीसारखी एक वस्तू बांधायची आणि खेळाच्या आत उभे असल्यासारखे खेळायचे. मंडळातील दोन-तीन सभासदांनी विचारले की यात पैसे घालावेत का आणि घालायचे तर किती. त्यासाठी हा लेख.

पहिला घोळ किमतीचा होतो. इंटरनेटवर शोधले की एक व्हीआर हेडसेट हजार-तेराशेला दिसतो आणि दुसरा तीस हजारांना. हा फरक कंपनीच्या नावाचा नाही. या दोन वस्तूच वेगळ्या आहेत.

स्वस्त पेटीत फक्त दोन भिंगे असतात. पडदा आपल्या मोबाइलचा. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याची अशी पेटी काढली होती, तिची विक्री २०२१ मध्ये बंद केली. आपल्याकडे जिओने २०२३ मध्ये आयपीएलच्या वेळी जिओडाइव्ह आणला, १,२९९ रुपयांना. सामना किंवा चारी बाजूंनी दिसणारा व्हिडिओ पाहायला तो ठीक आहे. पण या पेटीला आपली मान कुठे वळली एवढेच कळते, आपण जागेवरून हललो हे कळत नाही. समजा पोळ्याचा व्हिडिओ लावला. मान फिरवली की तोरण, माणसे, मागचे घर सगळे दिसेल. पण दोन पावले पुढे जाऊन बैलाची झूल जवळून बघू म्हटले तर बैल तेवढ्याच अंतरावर राहतो. हातही दिसत नाहीत. मग तलवार फिरवायची कशी, चेंडू मारायचा कसा? म्हणून खेळासाठी ही पेटी घेऊ नये. तेराशे रुपये थोडे वाटतात, पण आठ दिवसांत ती माळ्यावर गेली तर तेही गेलेच.

खेळासाठी लागतो तो स्वतःचा पडदा आणि प्रोसेसर असलेला हेडसेट. त्याच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात. ते खोली पाहत राहतात आणि आपण वाकलो, सरकलो, हात उचलला हे ओळखतात. कॉम्प्युटर लागत नाही. घरचे वायफाय आणि सुरुवातीला जोडणीसाठी एक स्मार्टफोन पुरतो. मेटा कंपनीचे असे हेडसेट पूर्वी आपल्याकडे बाहेरून आणलेले, व्यापाऱ्यांमार्फत मिळत. कंपनीने भारतात अधिकृत विक्री एप्रिल २०२५ मध्ये सुरू केली. तेव्हाच्या किमती अशा : क्वेस्ट ३एस, १२८ जीबी, ३०,५९० रुपये, क्वेस्ट ३, ५१२ जीबी, ५८,२३० रुपये. दोघांचा प्रोसेसर एकच आहे, त्यामुळे खेळही तेच चालतात. क्वेस्ट ३ ची भिंगे अधिक चांगली, चित्र कडेपर्यंत स्पष्ट दिसते आणि पेटी थोडी चपटी आहे. एवढ्यासाठी साडेसत्तावीस हजार जास्त देणे मला घरगुती खेळाला पटत नाही. १२८ जीबीसुद्धा पुरते. एक खेळ काढून दुसरा घेता येतो, विकत घेतलेला खेळ पुन्हा उतरवायला पैसे पडत नाहीत.

सोनीचा पीएस व्हीआर२ चांगला आहे, पण त्याला प्लेस्टेशन ५ किंवा वेगळा अडॅप्टर लावून गेमिंगचा कॉम्प्युटर लागतो. यांपैकी काहीच घरात नसेल तर विचारच नको.

जुना क्वेस्ट २ निम्म्या किमतीत मिळतो, तो घ्यावा का? २०२० चे मॉडेल आहे, विक्री बंद झाली आहे, आणि नवे काही मोठे खेळ फक्त क्वेस्ट ३ आणि ३एस वरच चालतात. बॅटरीही वयानुसार उतरलेली असणार. ओळखीतल्या माणसाकडून, समोर चालवून आणि त्याचे खाते काढून टाकून मिळत असेल तरच घ्या. नवा घेतानाही भारतातली वॉरंटी आणि पक्के बिल मागा.

आता माझ्या जुन्या धंद्यातली गोष्ट. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी असे समजू नका. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच हरकत घेतली होती. आता व्याज लागतेच. दुकानदार तेवढी सूट किमतीत देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क आपल्याच खिशातून जाते. ३० हजार, सहा हप्ते, १५ टक्के दर धरला तर व्याज १,२७० च्या आसपास आणि जीएसटी सव्वादोनशे. रक्कम मोठी नाही, पण रोख घेणाऱ्याला वेगळी सूट मिळत असेल तर ती आधी विचारा.

हिशेब इथे संपत नाही. बीट सेबरसारखा नावाजलेला खेळ ३० डॉलरच्या घरात, म्हणजे अडीच हजार रुपये. पहिल्या वर्षी खेळांसाठी पाच-सहा हजार वेगळे ठेवावेत. फुकटचेही खेळ आहेत, पण गोरिला टॅगसारख्या खेळात अनोळखी लोकांशी बोलणे होते, तिथे मोठ्यांनी लक्ष ठेवावे. मेटाने वयाची किमान मर्यादा दहा वर्षे ठेवली आहे, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावर. विकत घेतलेला खेळ आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात.

काहींना मळमळते. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटात मोबाइल वाचणाऱ्याचे जे होते, त्याचेच हे उलटे रूप. बसमध्ये शरीर हलते आणि डोळ्यांपुढचा पडदा स्थिर असतो. इथे चित्र धावते आणि शरीर उभे असते. कानातला तोल आणि डोळे यांचे जुळत नाही. म्हणून सुरुवातीला एका जागी उभे राहून खेळायचे खेळ घ्यावेत आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबावे. मेटाच्या दुकानात प्रत्येक खेळापुढे तो किती सोसवेल याची खूण असते. शक्य असेल तर घरातल्या ज्याला बसमध्ये लागते, त्याने आधी कुणाकडे तरी लावून पाहावे.

जागा साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी हवी. दिवाण, टीपॉय, टीव्ही यांपासून दूर, आणि पंखा खाली आलेला असेल तर उंच माणसाने हात वर करू नये. ओसरीत किंवा खिडकीपाशी हेडसेट उघडा ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेले तर थोड्या वेळात पडद्यावर कायमचा डाग पडतो, आणि अशी दुरुस्ती वॉरंटीत सहसा धरत नाहीत.